पाण्यापासून जपायचा गोळा

दिवाळीला मैत्रिणींना घरी केलेले बाथ बॉम्ब द्यायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. मला फार आवडलं. सामान आणायच्या आधी मावशीचं थोडं ऐकून घे. प्रमाण तुला कुठेही मिळेल. पण प्रमाण बरोबर असूनही गोळा फुगतो, फुटतो, त्याला फोड येतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पाणी नको त्या वेळी आत शिरलेलं असतं. म्हणून माझं सगळं सांगणं पाण्याभोवतीच फिरणार आहे.

आधी आत काय घडतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोरडे असेपर्यंत एकमेकांना काही करत नाहीत. पाणी मिळालं की दोघं विरघळतात, भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ढोकळ्याच्या पिठात ईनो घातल्यावर जे फसफसतं ते हेच; ईनोच्या पुडीतही सोडा आणि सायट्रिक ॲसिडच असतं. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या मो कॉन्स्टन्टाइन या बाईंनी १९८९ साली पहिला बाथ बॉम्ब केला, त्यांनाही तो सुचला अल्का-सेल्ट्झरच्या फसफसणाऱ्या गोळीवरून. पुढे लश ही कंपनी उभी करणाऱ्यांपैकी त्या एक.

आता यातली खरी मेख सांगते. या प्रक्रियेत वायूबरोबर पाणीही तयार होतं. म्हणजे तुझ्या हातून एक थेंब जास्त पडला, तर तो थेंब काम करून संपत नाही, तो नवं पाणी निर्माण करतो, ते पाणी आणखी सोडा-सत्त्वाला भिडवतं, आणि हे असं चालूच राहतं. संध्याकाळी गुळगुळीत दिसणारा गोळा सकाळी साच्याबाहेर फुगून आलेला दिसतो तो यामुळेच. रात्रभर त्याचं आतल्या आत चालू असतं. ‘थोडंसं पाणी शिंपडलं तर काय होतंय’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आणि एप्सम सॉल्टबद्दल तर कोणी सांगतच नाही. दिसायला ते खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं स्वच्छ, कोरडं. पण ते मॅग्नेशियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. वजनाने बघितलं तर निम्म्याहून थोडं जास्त पाणीच. १०० ग्रॅम एप्सम घेतलंस तर त्यात ५१ ग्रॅम पाणी आहे, फक्त ते स्फटिकात अडकलेलं आहे. उष्णता लागली की ते सुटायला लागतं. पन्नास अंशांच्या आसपासच त्याची सुरुवात होते. म्हणून गोळे लवकर वाळावेत म्हणून ओव्हनमध्ये ठेवणं, उन्हात गच्चीवर ठेवणं, मायक्रोवेव्ह, सगळं वर्ज्य. बाहेरून वाळवायला जाशील आणि आतून ओलं करून बसशील. मिक्सरमध्येही एप्सम सलग फिरवू नकोस. भांडं गरम होतं. एक-दोन वेळा नुसतं झटका देऊन बंद कर, जाड रव्याइतकं झालं की पुरे. खडे तसेच ठेवलेस तर गोळ्याला तिथे तिथे भेगा जातात, म्हणून एवढं तरी करायलाच हवं. जुनं पाकीट असेल आणि खड्यांवर पांढरट पूड धरलेली दिसली तर घाबरू नकोस, कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून गेल्याने तसं होतं.

आता मुहूर्त. कोजागिरी होईपर्यंत हात लावू नकोस. तुझं घर ठाण्याला, खाडी जवळ. भाद्रपदात तुमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे सायट्रिक ॲसिडची काय कथा. नरक चतुर्दशीच्या आधी आठ-दहा दिवस मिळाले तरी काम होतं. त्यातही ज्या दिवशी हवा कोरडी वाटेल तो दिवस धर. घरात एसी असेल तर त्या खोलीत तासभर आधी लावून ठेव, एसी हवेतला दमटपणा खेचून घेतो. स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ओट्यावर हे काम नको. केस धुऊन आलीस तर केस बांधून, पुसून मगच बस. तुझी नागपूरची मामी हेच गोळे एप्रिलमध्ये बिनघोर करते, कारण तिच्याकडे तेव्हा हवेत ओल नावालाही नसते. तिचं बघून तू श्रावणात करायला जाऊ नकोस.

सामान आणताना दोन ठिकाणी डोळे उघडे ठेव. सोडा खायचाच हवा. धुण्याचा सोडा हा सोडियम कार्बोनेट, तो कातडीला भाजतो. बेकिंग पावडरही नको, तिच्यात आधीच आम्ल आणि स्टार्च मिसळलेला असतो. पापडखार नको. सुट्टं सामान विकणाऱ्याकडे पांढऱ्या पुड्यांच्या पिशव्या शेजारी शेजारी असतात, म्हणून नाव छापलेलं बंद पाकीटच घे. दुसरी गोष्ट एप्समची. तुझे काका कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी आणून देतो म्हणतील. कपाशीवर लाल्या आला की शेतकरी ज्याची फवारणी करतात तेच ते, आणि स्वस्तही पडतं. नाव एक असलं तरी ते खत म्हणून बनवलेलं असतं, अंगाला लावण्याइतकं शुद्ध करून नव्हे. औषधाच्या दुकानातून अंघोळीसाठी किंवा औषधी म्हणून विकलेलं घे.

वाटीने मोजू नकोस. सोडा दाबून भरला की एक वजन, सैल भरला की दुसरं. काटा नसेल तर शेजारणीचा माग. २०० ग्रॅम सोडा, १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, ५० ग्रॅम एप्सम, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. एवढ्यात लिंबाएवढे गोळे डझनभर सहज होतात. हिशेबाने १०० ग्रॅम सत्त्वाला सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम सोडा पुरतो. वरचा सोडा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे पाणी आंबट होऊन अंगाला चुणचुणत नाही. कित्येक जण एप्सम सोड्याच्या बरोबरीने घालतात. तू पहिल्या खेपेला वाढवू नकोस. त्यात किती पाणी असतं ते वर सांगितलंच आहे, आणि जास्त एप्समचा गोळा भुसभुशीत होतो, हातात घेतला की कडा झडतात. ज्यांना पायाला भरपूर एप्सम हवंय त्यांनी ते वेगळं पाण्यात टाकावं, गोळ्यात कोंबू नये.

सोडा, सत्त्व, कॉर्नफ्लोअर तिन्ही चाळणीने चाळून घे. सत्त्वाची पूड उडते आणि नाकात गेली की ठसका लागतो, म्हणून तोंडावर रुमाल बांध आणि पंखा बंद ठेव. हाताला चीर, खरचटलेलं असेल तर हातमोजे. भांडं पुसून नव्हे, सुकवून घ्यायचं. स्टीलचं पातेलं रात्रीच उपडं घालून ठेव.

खोबरेल तेल दोन चहाचे चमचे. पातळ करून घालायचं आणि पिठाला मोहन चोळतात तसं दोन्ही तळव्यांनी चोळायचं, एकही गुठळी राहता कामा नये. खोबरेल घेण्यामागे कारण आहे. पंचवीस अंशांच्या खाली ते थिजतं आणि गोळा आतून आवळून धरतं. थंडीत केलेले गोळे टणक होतात त्यात खोबरेलाचाही हात असतो. बदामाचं, तिळाचं तेल थिजत नाही, त्याचा गोळा मऊच राहतो. तेल वाढवायचा मोह होईल, अंग छान मऊ होतं म्हणून. वाढवू नकोस. कारण पुढे सांगते.

मग ओल. पाणी नको, गुलाबपाणीही नको, तेही पाणीच. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते छोट्या फवाऱ्याच्या बाटलीत भर. ते मिश्रणाला ओलसर करतं, पण सोडा-सत्त्वाला पाण्यासारखं भिडवत नाही, आणि नंतर उडून जातं. ते पेट घेतं, म्हणून गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती काहीही जवळ नको, खिडकी उघडी हवी. आणि हो, खिडकी उघडी आणि हवा दमट असं दोन्ही होत असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकल.

एका हाताने एक फवारा मारायचा, दुसऱ्या हाताने लगेच ढवळायचं. दोन फवारे एका जागी कधीच नाही. पाच-सहा फवाऱ्यांनंतर मूठभर उचल आणि दाब. बेसनाच्या लाडवाचं मिश्रण वळायला येतं तेव्हा हाताला जे कळतं तेच इथे कळायला हवं: मुठीत दाबलं की मुटका होतो, अंगठ्याने ढकलला की तुटतो, पण चुरा होत नाही. तळहाताला चिकटलं तर जास्त झालं. चुरा झाला तर अजून एक फवारा. हे मापात लिहून देता येत नाही, कारण हवा रोज वेगळी. हात तयार होईपर्यंत अर्ध्याच प्रमाणात कर.

एक खूण लक्षात ठेव. ही प्रक्रिया सुरू झाली की मिश्रण गार पडतं, कारण ती उष्णता शोषून घेते. फवारलेल्या अल्कोहोलमुळेही थोडा गारवा लागतो, तो क्षणात जातो. पण मिश्रण गारच राहिलं, हलकं, फुगल्यासारखं लागलं, कान जवळ नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली, तर आत पाणी गेलंय असं समज. तेव्हा साच्यात भरू नकोस. ताटात पसरून कोरड्या खोलीत ठेव, दुसऱ्या दिवशी चुरून बरणीत भर आणि पूड म्हणूनच वापर. अंघोळीच्या पाण्यात चमचाभर टाकली तरी फसफसतेच. त्यातलं काही वाया जात नाही.

साचा म्हणून मोदकाचा साचा उत्तम. गणपतीत ज्याला हात लागतो त्यात हे भरू नकोस, वेगळा छोटा आण. सुगंधी तेलाचा वास धातूलाही धरून राहतो आणि मग नैवेद्यात उतरतो. साच्याला आतून काही लावायचं नाही, कोरडाच हवा. दोन्ही बाजूंत मिश्रण सैल भरून मध्ये थोडं उंच ठेव आणि मग दाबून मिटव. फिरवायचं नाही, नुसतं दाबायचं. पाच मिनिटांनी एका बाजूला चमच्याने हलकं ठोकून सोडव. नाही सुटला तर अजून थांब. ओढाताण केलीस की कळीचं टोक साच्यातच राहतं.

वाळवायला कापडावर ठेव, कापूस भरलेल्या उशीच्या अभ्र्यावर ठेवलास तर खालची बाजू सपाट होत नाही. एक दिवस हलवू नकोस, दुसऱ्या दिवशी उलट. पृष्ठभागावर देवीच्या फोडांसारखं काही उठलं तर ओल जास्त झाली, केसासारख्या भेगा गेल्या तर कोरडं राहिलं. दोन्ही गोळे वापरायला चांगलेच असतात, फक्त भेट द्यायला नको. पूर्ण वाळल्याशिवाय काचेच्या घट्ट बरणीत कोंडायचे नाहीत. आत थोडी जरी ओल असली तरी वायू सुटत राहतो आणि झाकण उडतं. दोन-तीन दिवसांनी बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून मग डब्यात.

रंगाचं थोडक्यात. हळद घालू नकोस. सोड्याच्या सहवासात ओली झाली की ती तांबूस होते. कुंकू बनवताना हळदीवर क्षाराचा प्रयोग करतात त्याच गुणामुळे. पिवळा गोळा करायला जाशील आणि वर तांबडे डाग पडतील. जास्वंदीची पूड सुंदर लाल दिसते आणि पाण्यात निळसर करडी होते. मला विचारशील तर पांढराच गोळा दे, वर एखादी वाळलेली गुलाबपाकळी. रांगोळीचे रंग तर अजिबात नकोत, ते अंगाला लावण्यासाठी केलेले नसतात.

सुगंधालाही हात आखडताच हवा. वरच्या ४०० ग्रॅमला सुगंधी तेलाचे पंधरा-वीस थेंब, जास्त नाही, आणि ते खोबरेलात आधी मिसळून. लवंग आणि दालचिनीचं तेल टाळ, कातडी जळजळते. लव्हेंडर किंवा वाळा घे. कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल तर त्यांच्या वाटचे गोळे बिनवासाचे कर.

आता वापरायचं कसं ते. आपल्याकडे किती घरांत बाथटब असतो? बादलीत गोळा टाकला तर मिनिटाभरात फेस संपतो आणि तांब्या-तांब्याने ते पाणी वाहून जातं. म्हणून मैत्रिणींना सांग, हा गोळा पायांसाठी आहे. प्लॅस्टिकच्या टबात किंवा घमेल्यात घोटा बुडेल एवढं कोमट पाणी, त्यात एक गोळा, पंधरा-वीस मिनिटं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला याइतकं सुख दुसरं नाही, हे मी शाळेत फळ्यापुढे उभी राहून अनुभवलंय.

एप्समने अंगात मॅग्नेशियम मुरतं आणि दुखणं जातं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तू चिठ्ठीवर तसं लिहू नकोस. कातडीतून ते पुरेसं आत जातं याला भक्कम पुरावा नाही. पाय हलके होतात ते मुख्यतः कोमट पाण्याने आणि पंधरा मिनिटं स्वस्थ बसल्याने, आणि तेवढंही पुष्कळ आहे. या क्षाराची कीर्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एप्सम गाव आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी इतकं कडू की १६१८च्या दुष्काळात तहानलेल्या गुरांनीही त्याला तोंड लावलं नाही, अशी कथा सांगतात. पुढे लोक तिथे जुलाबासाठी ते पाणी प्यायला जाऊ लागले, आणि नेहेमाया ग्रू या वैद्याने १६९५ साली त्या कडू क्षारावर ग्रंथ लिहिला. पण म्हणून तू किंवा तुझ्या मैत्रिणींनी कोणीही ऐकीव माहितीवर एप्सम पाण्यात घालून पिऊ नये. मूत्रपिंड नाजूक असेल तर ते जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांचं काम.

साबण आधी, गोळा नंतर. मॅग्नेशियमने पाणी जड होतं, साबणाला फेस येत नाही, उलट पांढरी साय पायाला चिकटते.

मधुमेह असलेल्यांना हा गोळा देताना मला काळजी वाटते. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग पाणी किती गरम आहे ते कळत नाही, आणि बराच वेळ भिजलेल्या कातडीला भेग पडली तर ती बुजायला महिने जातात. तुझ्या सासूबाईंना द्यायचा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. पाण्याचा गरमपणा नेहमी आपल्या कोपराने बघायचा, हे सगळ्यांनाच सांग. जखम, खरूज, नायटा असेल तर पाय पाण्यात घालायचेच नाहीत.

आणि तेलाचं. खोबरेल पाण्यावर तरंगतं, पाय उचलले की तळव्याला चिकटतं, आणि आपल्या न्हाणीघरातली फरशी म्हणजे आधीच घसरगुंडी. वयस्कर माणूस पडला की खुब्याचं हाड जातं. म्हणून दोनच चमचे म्हणाले. टब न्हाणीत ठेवूच नये, खुर्चीसमोर ठेवावा, खाली जुना पंचा अंथरावा, पाय टबावरच पुसावेत आणि मग उठावं. चिठ्ठीवर बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, एवढं मोठ्या अक्षरात लिही. खाली काय काय घातलंय त्याची नावं आणि केल्याची तारीख. तीनेक महिन्यांत वापरून टाका म्हणावं, पुढे वास उडतो आणि फेसही मंद होतो.

भेटी आवडल्या की कोणीतरी म्हणेलच, प्रदर्शनात स्टॉल लाव. तेव्हा थांब. अंगाला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवायची तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली परवाना लागतो, आपल्याकडे तो एफडीए देतं. बचत गटातल्या बायकांनाही हे सांगत जा, बिचाऱ्या कष्टाने माल करतात आणि कागदावर अडकतात. आप्तांना भेट देणं वेगळं.

पाय भिजवून झाल्यावर टबातलं पाणी तुळशीला ओतू नकोस. मॅग्नेशियम झाडाला लागतं म्हणून लोक हौसेने ओततात, पण या पाण्यात सोड्यातलं सोडियम त्याहून कितीतरी जास्त असतं आणि कुंडीतली माती त्याने घट्ट होते. मोरीत ओत, वरून साबणाच्या पाण्याने टब घासून टाक, आणि पालथा घालून ठेव.